आश्रुबाच्या आडातला नवा झरा

मित्रांनो, मी ताडकळसच्या वरच्या आळीतला, आश्रुबाच्या अंगणातला आड आहे. विहिरीला पायऱ्या असतात, मोट असते, उन्हाळ्यात उड्या मारणारी पोरं असतात. माझ्याकडे यातलं काही नाही. एका माणसानं दोन्ही हात पसरले तर बोटं दोन्ही बाजूंना टेकतील एवढी माझी रुंदी. खोली पाच परस, म्हणजे पाच माणसं एकावर एक उभी राहतील एवढी. वर दगडी कठडा, लाकडी रहाट, एक दोर आणि एक पोहरा. माझं वय मला ठाऊक नाही. आश्रुबाच्या आजोबांनी मला खणून घेतलं एवढं ऐकून आहे. आता माझं पाणी कोणी तोंडाला लावत नाही. ते का, हे मी कोणापासून लपवणार नाही. लपवालपवीनं या घरात पुष्कळ नुकसान झालेलं आहे.

तळातून वर पाहिलं की मला ताटाएवढं आभाळ दिसतं आणि वाकून पाहणाऱ्याचं तोंड दिसतं. आरशात पाहताना माणसं तोंड नीट करून घेतात. आडात पाहताना करत नाहीत. म्हणून माणसांची खरी तोंडं मला ठाऊक आहेत, असा माझा समज होता.

वडारांनी पहार आणि घण घेऊन मला खणलं तेव्हा आधी काळी माती लागली, मग पिवळा मुरूम, मग खडक. उत्तरेच्या बाजूला खडकाच्या एका भेगेतून पाण्याची करंगळीएवढी धार आली आणि वरच्या माणसांनी नारळ फोडला. माझं पाणी गोड होतं. त्यात तुरीची डाळ पहिल्या कढाला शिजायची. लग्नाकार्याला चार घरची माणसं घागरी घेऊन माझ्याकडे यायची आणि म्हणायची, "पाणी असावं तर असं." अशी स्तुती ऐकून कोणाचं डोकं जागेवर राहील? माझंही राहिलं नाही.

पुढं आश्रुबा आणि त्याचा धाकटा भाऊ राधाकिशन वेगळे निघाले. अंगणात मातीची भिंत आली. शेत वाटलं, बैल वाटले, पण पाणी कसं वाटणार? भिंत माझ्या कठड्यापाशी येऊन थांबली. माझं अर्धं तोंड इकडे, अर्धं तिकडे. इकडून आश्रुबाची बायको धुरपदाबाई पाणी काढायची, तिकडून राधाकिशनची कडूबाई. राधाकिशन लवकर वारला. कडूबाई दोन मुलींना घेऊन त्या अर्ध्या अंगणात राहिली. नावाप्रमाणे तिची जीभ कडू होती. पण मनात राखून ठेवायची सवय तिला नव्हती.

"जाऊबाई, दोर तुमचा, पोहरा तुमचा. आडबी तुमचाच का?"

"आड सासऱ्याचा हाय. तू पाणी घे अन् बोलणं तिथंच ठेव."

"बोलणं ठिवलं तर तुमाला करमायचं न्हाई."

असं रोज चालायचं. त्यात कधी राग असायचा, कधी नसायचा.

मग अठ्ठेचाळीस साल आलं. निजामाच्या राजवटीचं ते शेवटचं वर्ष. रझाकारांच्या टोळ्या कोणत्या गावात शिरल्या, कोणत्या गावातून माणसं पळाली, याच्या बातम्या माझ्या कठड्याशी रोज येऊन पडायच्या. एक बातमी माझ्याबद्दलच होती. अमक्या गावात आडात विष टाकलं म्हणे. कोणी पाहिलेलं नव्हतं; पण ज्यानं पाहिलं त्याला ओळखणारा माणूस प्रत्येकाला भेटलेला होता. आश्रुबानं सागाच्या फळ्यांचं झाकण केलं आणि त्याला हाताच्या पंजाएवढं लोखंडी कुलूप लावलं. तोवर मी उघड्या तोंडाचा होतो. त्या दिवसापासून माझ्यावर पहारा बसला.

आश्रुबानं आणखी एक काम केलं. गावातल्या बायका पहाटे अंधारात शिवाराकडे जात. आश्रुबाची लेक मनकर्णा तेव्हा पंधरा वर्षांची होती. मायलेकींनी त्या दिवसांत अंधारात बाहेर जाऊ नये म्हणून त्यानं परसात स्वतःच्या हातानं खोल खड्डा खणला, त्यावर फळ्या टाकल्या आणि भोवती तट्ट्यांचा आडोसा केला. माझ्यापासून दक्षिणेला पंधरा पावलांवर. आळीत कोणाकडे पायखाना नव्हता. त्याच्या कुदळीचे घाव मला खडकातून ऐकू येत होते. प्रेमानं मारलेले घाव होते ते, यात मला आजही शंका नाही.

सप्टेंबरात फौजा आल्या, निजामाचं राज्य गेलं, भीती ओसरली. कुलूप खुंटीला लागलं. खड्डा मात्र राहिला. सवय झाली होती, सोयही झाली होती. पुढं न्हाणीच्या पाण्याची मोरीही त्यातच सोडली, म्हणजे तो आपोआप धुतला जाईल. मनकर्णाचं लग्न झालं, ती राणीसावरगावला नांदायला गेली.

मित्रांनो, आता जे सांगतो ते सांगायला मला जड जातं.

बावन्न सालचा उन्हाळा कडक होता. आळीतले आड तळाला लागले. माझं पाणी मात्र उतरेना. एका सकाळी धुरपदाबाई वाकली आणि थबकली. दक्षिणेकडचा एक दगड ओला होऊन चमकत होता. त्याच्या खालच्या फटीतून थेंब थेंब पाणी येत होतं.

"अगं कडू, हिकडं ये. झरा फुटलाय नवा."

कडूबाईनं तिकडून मान वाकवली. "गाव कोरडं पडलं अन् आपल्याच आडाला झरा? ह्यो आला कुठून?"

"देवानं दिला. तुला काई चांगलं बघवतच न्हाई."

"बघवतंय. पर पाणी पाण्यातून येतं जाऊबाई, नुसतं येत न्हाई."

धुरपदाबाईनं ऐकलं नाही. तिनं माझी ओटी भरली. हळद-कुंकू वाहिलं, नारळ फोडला आणि हिरवा खण दोराला बांधून त्या दगडापर्यंत सोडला. तो फटीत अडकून तिथंच राहिला. बायकांनी माझ्यापुढे हात जोडले.

आणि मी? मला ते पाणी कळलं होतं. उत्तरेचं पाणी थंड होतं, हे कोमट. उत्तरेच्या पाण्याला खडकाची चव होती, याला खारट. माझ्या मनात शंका आली. पण माझी पूजा झालेली होती. ज्याची पूजा होते त्यानं स्वतःवर शंका घ्यायची तरी कशी? पाणी नितळच होतं. वरून पाहिलं तर तळाचा खडा दिसायचा. मी गप्प राहिलो. दगडाला बोलता येत नाही, ही सबब माझ्या कामाला आली.

त्या पावसाळ्यापासून दोन्ही घरांत पोटं बिघडू लागली. कधी आंब्याचं नाव पुढं आलं, कधी शिळ्या भाकरीचं, कधी नजरेचं. दोन वर्षं अशीच गेली. चोपन्नच्या उन्हाळ्यात आश्रुबा वीस दिवस तापानं पडून होता. मग तो उठला, शेतावर जाऊ लागला, आणि घर ते विसरलं.

श्रावणात एका दुपारी झाकण हळूच उघडलं. कडूबाईचं तोंड दिसलं. तिनं पदराखालून पुडकं काढलं आणि माझ्यात रिकामं केलं. चुना होता. माझ्या अंगाला तो झोंबला, पण बरंही वाटलं, तोंड धुतल्यासारखं. तेवढ्यात इकडून धुरपदाबाई आली.

"काय टाकलंस गं आडात?"

"चुना हाय. देवी-डाक्टर म्हनला, पावसाळ्यात टाकत जावा."

गावोगाव फिरून देवीची लस टोचणारे किशनराव म्हणजे हा देवी-डाक्टर.

"मला इचारलंस?"

"इचारलं असतं तर टाकू दिलं असतं का तुमी?"

धुरपदाबाई आडावर वाकली. तिचं तोंड मी खालून पाहिलं. एवढी वर्षं त्या दोघींच्या बोलण्यात जे नव्हतं, ते त्या दिवशी त्या तोंडावर आलं.

मूठभर चुना किती पुरणार? दक्षिणेचे थेंब पडतच होते. दहा दिवसांनी धुरपदाबाई अंथरुणाला लागली. मुदतीचा ताप, वैद्य म्हणाला. पाणी कमी पडू देऊ नका, असंही म्हणाला. सांगावा गेला आणि मनकर्णा आली. कडेवर तिची दोन वर्षांची लेक सुमन होती. माय मागायची ते पाणीच. मनकर्णा दिवसातून पाच वेळा माझ्यावर वाकायची, पोहरा सोडायची, तांब्या भरायची. चमच्या-चमच्यानं ते पाणी मायच्या तोंडात जायचं. ती ते किती जपून नेत असे, हे मी पाहत होतो. एक थेंब अंगणात सांडू देत नसे.

एकविसाव्या दिवशी रहाट थांबला.

तेरावं झालं आणि आश्रुबानं खुंटीवरचं कुलूप काढलं. झाकणाला लावलं. किल्ली मनकर्णाच्या हातात दिली. "सुमीचं दूध सुटस्तवर तू हितंच ऱ्हा, माय. अन् ही किल्ली कुणाच्या हाती द्यायची न्हाई. तिनं आडात टाकलं ते तुझ्या मायनं डोळ्यानं पाह्यलंय."

"चुना होता म्हणं आबा."

"पांढरं ते सगळं चुनाच असतं का?"

मनकर्णानं किल्ली काळ्या दोऱ्यात ओवली आणि गळ्यात घातली. तिचाही चुलतीवर शक होता. मी तुम्हाला खोटं सांगणार नाही. ज्याचं माणूस जातं त्याला कोणीतरी धरायला लागतं. रिकाम्या हातानं दुःख पेलत नाही.

कडूबाई तिकडून आली, कुलूप पाहिलं, रिकामी घागर काखेत मारली आणि वेशीबाहेरच्या बारवेकडे गेली. त्या दिवसापासून ती आणि तिच्या मुली रोज तेवढं लांब जाऊ लागल्या. आणि मित्रांनो, एक विचित्र गोष्ट झाली. पंधरा-वीस दिवसांत त्या मुलींची पोटं सुधारली. दोन वर्षं सुकत गेलेल्या पोरी भिंतीवर चढून चिंचा पाडू लागल्या.

आश्रुबाच्या नजरेतून ते सुटलं नाही. तो माझ्या कठड्याला टेकून लेकीला म्हणाला, "बघ. आपल्या आडाला शिवंना झाली, अन् पोरी कशा टणटणीत. कामून? तिला म्हाईत हाय ह्यात काय हाय ते."

"आबा, कुलूप आपणच लावलं न्हवं?"

"मागायला तर यायची होती."

शंकेला एकदा दाणापाणी मिळालं की ती कशावरही जगते. कडूबाई आली असती तरी शंका, नाही आली तरी शंका.

त्याच आठवड्यात सुमनला हगवण लागली. तिचं हसणं मला ओळखीचं झालं होतं. कठड्यापाशी बसून ती खडे फळ्यांवर वाजवायची. ते वाजणं बंद झालं. मनकर्णा आता पाणी काढताना खाली पाहत नसे. आजी गेली त्याच पायरीवर आता नात उभी होती.

किशनराव तापाच्या घरांतून फिरत आले. दारातूनच त्यांनी विचारलं, "पाणी कुठलं पिता?"

"घरचं. कुलपातलं," आश्रुबा म्हणाला.

"मग ठीक आहे," असं म्हणून त्यांनी काळ्या फिनेलची बाटली दिली. पायखान्यात टाका, माश्या बसतात. त्यांना पुढच्या घरी जायची घाई होती. कुलूप म्हटल्यावर त्यांचाही विश्वास बसला.

आश्रुबानं सगळी बाटली खड्ड्यात ओतली. दोन दिवस पावसाची झड लागली. तिसऱ्या सकाळी ऊन पडलं. मनकर्णानं कुलूप काढलं, पोहरा वर ओढला आणि तांब्या तोंडाजवळ नेताच थांबली. तिनं वास घेतला. पुन्हा घेतला.

"आबा, पाण्याला दवाईचा वास यायलाय."

आश्रुबानं ओंजळ नाकाशी धरली, आणि भिंतीकडे वळून तो ओरडला, "आता तरी खरं बोल गं. माझी बायको घेतली, आता नात घ्यायलीस का?"

तिकडून कडूबाईचा आवाज आला, शांत. ती थोरल्या दिराशी थेट बोलत नसे. भिंतीशी बोलल्यासारखं बोलली. "सांगा म्हणावं, एवढं मोठं कुलूप माझ्यासाठीच लावलं होतं. आता कुलपालाच इचारा."

मनकर्णाचा हात गळ्याकडे गेला. किल्ली तिथंच होती, अंगाच्या उबेनं ऊन झालेली. न्हाताना, निजताना तिनं ती काढली नव्हती. तिनं कुलूप उचलून उलटंपालटं पाहिलं. ओरखडा नव्हता. फळ्या हलवून पाहिल्या. हललेल्या नव्हत्या.

"आबा, वरून कुणीच टाकलं न्हाई."

"दुसरी किल्ली केली असंल तिनं."

"अन् वास त्याच दवाईचा? बाटली तर तुमीच ओतली." ती कठड्यावरून आत वाकली. "वरून न्हाई, तर कुठून?"

हा प्रश्न दोन वर्षांपूर्वी एका बाईनं विचारला होता. तेव्हा तिला तो विचारल्याबद्दल बोलणी बसली होती.

मनकर्णा घरात गेली आणि मायची फणेरपेटी घेऊन आली. लाकडी पेटी, आत करंडा, झाकणाला आरसा. धुरपदाबाई रोज सकाळी त्यात पाहून कुंकू लावायची. आडात भांडं पडलं की आमच्याकडे आरशानं ऊन खाली टाकून ते शोधतात. पण त्याला दोघं लागतात. एकानं आरसा धरायचा, दुसऱ्यानं वाकायचं.

"काकू," ती भिंतीपाशी जाऊन म्हणाली, "आरसा धराया येता का जरा?"

"मी? अन् तुझ्या मायचा आरसा? बाटंल की."

"माझी सुमी झोपून हाय काकू. डोळे उघडंना."

कडूबाई भिंतीला वळसा घालून आली. येताना पदर डोक्यावरून नीट घेतला. तिनं पेटी हातात घेतली आणि आरसा उन्हाकडे धरला.

मित्रांनो, माझ्या अंगावर तेवढ्या खोलवर कधी उजेड पडला नव्हता. तो उत्तरेच्या दगडांवरून फिरला, खाली गेला, पाण्यावर थरथरला. मला लाज वाटत होती.

"दक्षिणेला घ्या," मनकर्णा म्हणाली.

उजेड त्या दगडावर आला. फटीत खणाची कुजलेली चिंधी लोंबत होती. तिच्या खालून झरा येत होता, धुरपदाबाईचा नवा झरा. तो पांढरा होता. पाण्यात फिनेल मिसळलं की ताकासारखं पांढरं होतं, तसा पांढरा. थेंब थेंब तो नितळ पाण्यात पडत होता आणि पडताच दिसेनासा होत होता.

आश्रुबाही वाकला. खूप वेळ वाकून राहिला. मग त्यानं मान वर केली, दक्षिणेकडे पाहिलं, अंगण ओलांडून, तट्ट्यांच्या आडोशापर्यंत. तो तिकडे चालत गेला. त्याची पावलं मी मोजली. पंधरा.

"मीच खणलाय," तो तिथूनच म्हणाला.

कडूबाईनं आरसा खाली केला. मग कडूबाई बोलली, या खेपेला भिंतीशी नव्हे. "तवा समदे भ्यालेले होते, भावजी. तुमी लेकीसाठी खणला. आता पोरगी उचला, माझ्या घरी आणा. बारवेचं पाणी हाय, उकळून ठिवते."

"उकळलेलं पाणी मेलेलं असतंय," आश्रुबा सवयीनं म्हणाला.

"मरू द्या. पाणी मेलेलं बरं."

सात दिवस सुमन भिंतीपलीकडे होती. उकळलेलं पाणी आणि मीठ घातलेली भाताची पेज, एवढंच तिच्या पोटात जात होतं. आठव्या दिवशी माझ्या कठड्यावर एक खडा वाजला. मग आणखी एक. मी इतकी वर्षं रहाटाचा आवाज ऐकत आलो, पण त्या खड्यांसारखं मला काही ऐकू आल्याचं आठवत नाही.

किशनराव पुन्हा आले. या वेळी ते दारात थांबले नाहीत. परसापर्यंत गेले, बराच वेळ उभे राहिले, आणि "मी आत यायला हवं होतं," एवढंच म्हणाले. त्यांनी माझं पाणी बाटलीत भरून परभणीला नेलं. महिन्यानं कागद आला. डोळ्यांना न दिसणारे रोगाचे जंतू त्यात होते, पिण्यास अयोग्य. खड्डा उपसून मुरमानं भरला. मला उपसलं, चुना टाकला. पण खडकातल्या भेगा कोण धुणार? आता माझं पाणी न्हाणीला, गुरांना आणि लिंबाच्या झाडाला जातं. प्यायला दोन्ही घरांच्या घागरी बारवेवर जातात, एकदमच निघतात, आणि वाटेत भांडतात.

राणीसावरगावला परत जाण्याआधी मनकर्णानं गळ्यातला दोरा काढला. किल्ली आणि कुलूप दोन्ही माझ्यात सोडलं. ते तळाशी आहे, गंजत. फणेरपेटी तिनं चुलतीकडे दिली. "वर्षातून एकदा ऊन टाकून बघत जावा काकू."

दर चैत्रात ती स्वतःही येते. आता साठ साल आहे. सुमन आठ वर्षांची झाली, आरसा तीच धरते. मनकर्णा वाकते, दक्षिणेचा दगड कोरडा आहे ना ते पाहते. तो कोरडा असतो. तरी ती थोडा वेळ तशीच वाकून राहते, काही न पाहता. मग आरसा पुसून करंड्यावर झाकण लावते.

मित्रांनो, माझ्यासारखे आड तुमच्याही अंगणात असतील. त्यांचं पाणी नितळ असेल, गोड असेल, त्यात डाळ लवकर शिजत असेल. त्यांच्यापासून किती पावलांवर काय खणलेलं आहे, ते मोजा. आटत्या उन्हाळ्यात नवा झरा दिसला तर नारळ फोडण्याआधी तो कुठून आला ते विचारा, आणि जी विचारते तिला गप्प बसवू नका. पाणी उकळा. शंका घ्यायचीच असेल तर शेजारणीवर घेऊ नका, माझ्यावर घ्या. आम्हा दगडांना त्याचं वाईट वाटत नाही. वाईट वाटतं ते तुम्ही माझं पाणी जपून, एक थेंब न सांडता, आजारी माणसाच्या तोंडाशी नेता तेव्हा.